बर्फ करडा का येतो?

प्रश्न : गुलमर्गला स्की आणि स्नोबोर्ड करणाऱ्या मित्रांची दोन दिवस छायाचित्रे काढली, पण बर्फ करडा आणि चेहरे काळपट आले. कॅमेऱ्यात दोष असेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दोष कॅमेऱ्याचा नाही. समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून तो प्रकाश मोजतो आणि लख्ख पांढऱ्या उतारावरही चित्र तेवढेच गडद करतो. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे चित्रासाठी घेतला जाणारा प्रकाश, १ ते २ स्टॉप वाढवावे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). उडी टिपताना शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद हवा. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावी, कारण थंडीत ती लवकर मान टाकते. उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावा, नाहीतर भिंगावर दव धरते. आम्ही एकदा अर्धी संध्याकाळ ते पुसण्यात घालवली आहे.