ॲनिमे सिनेमांच्या फॅन्सचं हे वेड चांगलं की वाईट?

तुम्ही विचारलंय की मुलगा बारावीला आहे, एकाच जपानी ॲनिमे (म्हणजे ॲनिमेशन) सिनेमाला तीनदा जाऊन आलाय, आता चौथ्यांदा जायचं म्हणतोय, पॉकेटमनी सगळा त्या कॅरॅक्टरच्या कीचेन आणि पोस्टरमध्ये जातोय, तर ही भक्ती चांगली की वाईट आणि त्याला अडवायचं का. मी पुण्यात जपानी शिकले आणि 2016 ते 2021 नोकरीसाठी नागोयाला होते, ॲनिमे सिनेमे मी स्वतः मनापासून बघते, त्यामुळे हे वेड दोन्ही बाजूंनी जवळून बघितलंय. उत्तर थोडं लांबेल, पण विषय जिव्हाळ्याचा आहे.

आधी एक गोष्ट सांगते म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. सुनाओ काताबुची नावाचे दिग्दर्शक आहेत, त्यांना महायुद्धाच्या काळातल्या कुरे गावातल्या एका साध्या, चित्रं काढणाऱ्या सुनेवर सिनेमा करायचा होता, 'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड'. कुरे म्हणजे हिरोशिमाजवळचं नौदलाचं बंदर. मारामारी नाही, रोबोट नाही, स्वयंपाक, रेशन आणि हवाई हल्ल्यांचे भोंगे, असल्या सिनेमाला पैसे कोण देणार? मग 2015 मध्ये त्यांनी क्राउडफंडिंग केलं, टार्गेट होतं 2 कोटी येनचं, आणि 3,374 लोकांनी मिळून 3 कोटी 91 लाख येनच्या वर पैसे दिले. एवढ्यात अख्खा सिनेमा होत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्यातून सुरुवातीची टीम जमली, छोटी पायलट फिल्म झाली आणि मोठे पैसे लावणाऱ्यांना दाखवता आलं की बघा, हा सिनेमा बघायला माणसं तयार आहेत. पैसे देणाऱ्यांना नफ्यात वाटा वगैरे काही नव्हता. त्यांना अधूनमधून सिनेमातल्या सुझुच्या, म्हणजे त्या सुनेच्या नावाने पोस्टकार्डं यायची आणि सिनेमाच्या शेवटी त्यांचं नाव येणार होतं, बस.

तो सिनेमा 12 नोव्हेंबर 2016 ला फक्त 63 थिएटरमध्ये लागला. मी बघायला गेले तेव्हा शेजारच्या सीटवर साठीच्या आसपासचे एक गृहस्थ होते, एकटेच. सिनेमा संपला, क्रेडिट्स सुरू झाली, आणि ती संपली असं वाटत असतानाच पैसे देणाऱ्यांची नावं यायला लागली, ओळींमागून ओळी, आणि त्यांच्याबरोबर लिपस्टिकने काढल्यासारखी चित्रं, ज्यात सिनेमातल्या एका बाईची राहून गेलेली गोष्ट सांगून होते. हे गृहस्थ तेवढ्या वेळात सीटवर पुढे सरकून बसले, टोपी दोन्ही हातांनी गुडघ्यावर धरलेली, आणि एका क्षणी त्यांनी फक्त मान हलवली, आपण ओळखीच्या माणसाला लांबून बघून हलवतो ना तशी. त्यांचं नाव येऊन गेलं असणार. मग पडद्यावर एक हात टाटा करतो आणि दिवे लागतात. हॉलमधलं एकही माणूस तोपर्यंत उठलं नव्हतं. पुढे लोकांनी एकमेकांना सांगून सांगून तो सिनेमा शेकडो थिएटरमध्ये नेला आणि कुठे ना कुठे तो हजाराहून जास्त दिवस रोज लागत राहिला.

फॅन असणं म्हणजे काय हे मला त्या माणसाकडे बघून कळलं. त्याला सिनेमा आवडला होताच, पण तो कोणीतरी बसून बनवलाय, त्यात कष्ट आहेत, हे त्याला पूर्ण माहीत होतं.

दुसरं उदाहरण त्याच वर्षीचं. 'किंग ऑफ प्रिझम' नावाचा, स्टेजवर गाणाऱ्या-नाचणाऱ्या पोरांचा सिनेमा जानेवारी 2016 मध्ये 14 थिएटरमध्ये लागला होता, लोकांनी मित्रमैत्रिणींना ओढून नेऊन नेऊन तो वाढवला. त्याचे 'ओएन जोएई' शो असायचे, म्हणजे ओरडायला, टाळ्या वाजवायला, रंगीत पेनलाइट हलवायला परवानगी असलेले खास शो, काही ठिकाणी तर प्रेक्षकांनी म्हणायचा डायलॉगच पडद्यावर लिहून येतो. मी नवखी, रिकाम्या हाताने गेलेले, शेजारच्या मुलीने न बोलता तिचा जादाचा पेनलाइट माझ्या हातात दिला आणि रंग कुठे बदलायचा ते बटण दाखवलं. मला तेव्हा बोलायला भाषा नीट येत नव्हती, ऑफिसमध्ये दिवसभर गप्प असायचे, त्या तासाभरात मी शंभर अनोळखी लोकांबरोबर ओरडले आणि घरी जाताना बरं वाटलं. तुमच्या मुलाला चौथ्यांदा का जायचंय त्याचं अर्धं उत्तर इथे आहे बहुतेक. गोष्ट त्याला पाठ असेल, पण सगळ्यांबरोबर बसून ती बघणं हे दरवेळी नवीन असतं. आपण दरवर्षी तेच अभंग म्हणत वारीला जातोच की.

आणि जपानी लोक खरंच तो शब्द वापरतात. सिनेमात दाखवलेल्या खऱ्या जागा बघायला जाण्याला ते 'सेइची जुन्रेई' म्हणतात, म्हणजे पवित्र स्थळांची यात्रा. दिग्दर्शक माकोतो शिनकाईंचा 'युअर नेम' 2016 ला आला आणि गिफू प्रांतातल्या हिदा-फुरुकावा या डोंगरातल्या छोट्या गावात लोकांची रीघ लागली. नागोयाहून थेट रेल्वे आहे, मीही गेले. तिथली सार्वजनिक लायब्ररी सिनेमात आहे, काउंटरवर विचारून, दुसऱ्या वाचकांचे चेहरे येऊ न देता फोटो काढायचे, आणि मी होते तेवढा वेळ सगळे तसंच करत होते, कुजबुज सुद्धा नाही. गावातल्या दुकानदारांना आनंद होता, फॅन्सना आनंद होता.

आपल्याकडेही चांगलं झालंय. 2019 मध्ये शिनकाईंचा पुढचा सिनेमा 'वेदरिंग विथ यू' भारतात थिएटरला लागावा म्हणून इथल्या फॅन्सनी ऑनलाइन अर्ज केला, 50 हजारांवर सह्या झाल्या, आणि ऑक्टोबरमध्ये तो खरंच लागला, शिनकाई स्वतः भारतात आले. त्याआधी जपानी सिनेमा मोठ्या पडद्यावर बघायचा तर आपल्याला बहुतेक वेळा फेस्टिव्हलची वाट बघत बसायला लागायचं. आज तुमचा मुलगा जवळच्या मल्टिप्लेक्सला जाऊन बघतोय ते त्या सह्यांमुळे सुद्धा आहे.

आता दुसरी बाजू, आणि ती मला जास्त टोचते कारण ती आपल्याच लोकांची आहे.

एक म्हणजे आकड्यांचं वेड. 2018 ला डिटेक्टिव्ह कोनानचा एक सिनेमा आला, त्यात आमुरो नावाचं कॅरॅक्टर भयंकर गाजलं आणि त्याच्या फॅन्सनी ठरवलं की 'आमुरोला 100 ओकुचा माणूस करायचं', 100 ओकु म्हणजे आपले 1000 कोटी येन, म्हणजे सिनेमाची कमाई तेवढी करून दाखवायची. माझ्या ऑफिसमधली एक मुलगी त्यात होती. दर शनिवार-रविवार दोन दोन शो, प्रत्येक तिकीट प्लास्टिकच्या फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावलेलं, मला मोठ्या कौतुकाने दाखवायची, आणि जेवणाच्या सुट्टीत महिनाअखेरीला फक्त भाताचा गोळा. शेवटी सिनेमा 918 कोटींवर थांबला. ती मला म्हणाली, आम्ही कमी पडलो. मला इतकं वाईट वाटलं ऐकून, कारण ज्याने तिला एवढा आनंद दिला त्याच्यासाठी ती स्वतःला नापास समजत होती. पुढे 'डीमन स्लेयर: मुगेन ट्रेन'च्या वेळी तेच, त्यातल्या रेंगोकु या कॅरॅक्टरला 400 ओकुचा माणूस करायचं, आणि मे 2021 मध्ये ते झालं पण, 4000 कोटी येन. त्यात दर काही आठवड्यांनी तिकिटाबरोबर नवीन भेट द्यायची पद्धत आहे, पुस्तिका, कार्ड, कधी फिल्मचा तुकडा, म्हणजे माणूस परत येतोच, आणि काही लोक तिकीट घेऊन भेट घेतात, सीट रिकामी ठेवतात आणि भेटवस्तू ऑनलाइन विकतात.

आणि एक गोष्ट मुलाला नक्की सांगा. तिकिटाचा पैसा थिएटर, वितरक आणि 'सेइसाकु इइंकाई' म्हणजे पैसे लावणाऱ्या कंपन्यांच्या समितीत वाटला जातो. चित्रं काढणारी नवीन मुलं बऱ्याच स्टुडिओत चित्रामागे काही शे येनवर काम करतात, सिनेमा कितीही चालला तरी त्यांचा रेट तोच. दहाव्यांदा तिकीट काढलं म्हणजे आपण कलाकाराला जगवतोय असं नसतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. फॅनला वाटायला लागतं की हे माझं आहे आणि बनवणारे मला काहीतरी देणं लागतात. 'इव्हांजेलियन' या मालिकेनंतर आलेल्या 1997 च्या 'एंड ऑफ इव्हांजेलियन' सिनेमात दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी त्यांना आलेल्या शिव्यांचे, मारण्याच्या धमक्यांचे मेसेज पडद्यावर क्षणभर झळकवलेत. मालिकेचा शेवट आवडला नाही, एवढंच कारण.

क्योटो ॲनिमेशन या ॲनिमे बनवणाऱ्या कंपनीबद्दल लिहिताना मला अजूनही जड जातं. 18 जुलै 2019 ला सकाळी क्योटोच्या फुशिमी भागातल्या त्यांच्या स्टुडिओत एका माणसाने पेट्रोल ओतून आग लावली, 36 माणसं गेली, तीसहून जास्त जखमी. मी ऑफिसमध्ये होते, सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले. आग लावणारा त्यांचंच काम बघून कादंबऱ्या लिहायला लागला होता हे पुढे कोर्टात आलं, आणि त्याच्या डोक्यात बसलं होतं की यांनी माझी कल्पना चोरली. सगळे फॅन असे असतात असं मी अजिबात म्हणत नाहीये, त्याचं मन आजारी होतं आणि हा टोकाचा गुन्हा आहे. पण 'माझं ते यांनी घेतलं' ही भाषा मी साध्या साध्या फॅन्सच्या कॉमेंट्समध्ये रोज वाचते, कॅरॅक्टर बदललं, आवाज बदलला, शेवट बदलला म्हणून, आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो.

त्याच फॅन्सनी नंतर काय केलं तेही सांगायलाच हवं. जगभरातून 330 कोटी येनच्या आसपास मदत जमा झाली. आणि सप्टेंबरमध्ये त्याच स्टुडिओचा 'व्हायलेट एव्हरगार्डन' मालिकेवरचा सिनेमा लागला, जो आगीच्या आदल्या दिवशीच पूर्ण झाला होता. त्या स्टुडिओत एक वर्ष न झालेल्यांचं नाव क्रेडिट्समध्ये देत नाहीत, पण यावेळी ज्यांचा ज्यांचा हात लागला होता त्या सगळ्यांची नावं दिली, ती मुलं इथे होती, त्यांनी काम केलं होतं, याचा पुरावा म्हणून. नागोयाच्या त्या थिएटरमध्ये नावं वर सरकत होती आणि कोणी नाक ओढल्याचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नव्हतं. त्यानंतर स्टुडिओच्या आसपास राहणाऱ्या लोकांनी तिथे गर्दी होईल असं स्मारक नको म्हणून विनंती केली होती. शेवटी 2024 मध्ये स्मारक उजी गावातल्या बागेत उभं राहिलं. कुठे जायचं नाही हे कळणंही भक्तीतच येतं. कामाकुराच्या समुद्राजवळचं 'स्लॅम डंक' या बास्केटबॉलवरच्या ॲनिमेत दिसणारं रेल्वे फाटक बघायला मी 2023 ला गेले होते, तिथे लोक चालत्या रस्त्याच्या मधोमध उभे, गार्ड ओरडतोय, पाट्या चार भाषांत, आणि एक आजी भाजीची पिशवी घेऊन घरी जायला वाट मागतायत.

आता आपल्याकडचं. सप्टेंबर 2025 मध्ये 'डीमन स्लेयर'चाच 'इन्फिनिटी कॅसल' लागला, पहाटेचे शो हाउसफुल, मी भाच्याला घेऊन पुण्यात गेले. गर्दी बघून छाती भरून आली खरंच, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. पण सिनेमा सुरू झाल्यावर समोर पंधरा-वीस मोबाइल वर, प्रत्येकजण फाइट रेकॉर्ड करतोय, आणि मागच्या रांगेतला एकजण मंगा, म्हणजे मूळ जपानी कॉमिक, वाचलेला, कोण मरणार ते आधीच ओरडून सांगतोय, माझा दहा वर्षांचा भाचा रडवेला झाला. 2023 पासून आपल्याकडे थिएटरमध्ये सिनेमा रेकॉर्ड करणं हा कैदेचा गुन्हा आहे, कमीत कमी तीन महिने, रील म्हणून टाकणाऱ्या पोरांना हे माहीतच नसतं. तुमच्या मुलाला माहीत आहे का, एकदा विचारा. आणि क्रेडिट्स सुरू झाली तशी सगळी मुलं उठून दरवाजाकडे, दिवे लागले, झाडूवाले आत. एवढं प्रेम करणारी मुलं, पण ज्यांनी ते सगळं हाताने काढलं त्यांची नावं पडद्यावर होती तेव्हा तिकडे पाठ करून चालली होती.

म्हणून मी म्हणेन अडवू नका. प्रीलिम संपेपर्यंत थांब म्हणा, पैशाची मर्यादा घाला, कीचेनऐवजी एकदा त्या सिनेमाचं चित्रांचं पुस्तक घेऊन द्या, त्यात कच्ची स्केचेस असतात, कोणी काढली ते असतं. तो ऑनलाइन भांडतो का, कोणाला शिव्या देतो का, तेवढं बघा, कीचेनपेक्षा ते महत्त्वाचं. आणि चौथ्यांदा जाणार असेल तर तुम्हीही जा त्याच्याबरोबर, डब नको, जपानी आवाज आणि सबटायटल्सचा शो घ्या, त्याला विचारा याच्यात तुला काय आवडतं, तो न थांबता अर्धा तास बोलेल. संपल्यावर दोघं बसून राहा शेवटचं नाव जाईपर्यंत, झाडूवाले आले तर सांगा, दादा, दोन मिनिटं.