जुन्या संगणकावर कोणता ब्राउझर? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरच्या संगणकावर विंडोज ७ आहे, रॅम २ जीबी. क्रोम उघडला की 'यापुढे अपडेट मिळणार नाहीत' अशी पट्टी येते. वीजबिल भरणे आणि मुलीचे प्रवेशअर्ज एवढाच वापर. काय टाकावे? (डिचोली)

उत्तर : विंडोज ७ वरचा शेवटचा क्रोम म्हणजे १०९, जानेवारी २०२३ चा. पुढच्या ११० पासून विंडोज १० लागते. तो काढा आणि फायरफॉक्सची ११५ ईएसआर (जास्त काळ सुरक्षा-अपडेट मिळणारी) ही आवृत्ती घ्या. जुन्या विंडोजवाल्यांसाठी मोझिलाने हिची मुदत अनेकदा वाढवली आहे. मोझिलाच्या पानावरून ३२ बिटची प्रत उतरवा. तुमची विंडोज ६४ बिटची असली तरी २ जीबीत ३२ बिटचीच बरी, रॅम कमी खाते.

कुणाच्या पेनड्राइव्हवर पडून असलेली ११५ मात्र तशीच टाकू नका. मदत मेनूतल्या 'अबाउट फायरफॉक्स'मध्ये आकडा बघा. ११५.१३ च्या आधीची प्रत असेल तर तिच्यातले एक मूळ प्रमाणपत्र (खरेपणा तपासण्याचा डिजिटल दाखला) १४ मार्च २०२५ रोजी संपले आहे, त्यामुळे ॲड-ऑन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) चालत नाहीत. आणि यूब्लॉक ओरिजिन हे ॲड-ऑन तुम्हाला हवेच आहे. जाहिराती अडल्या की पान हलके होते, २ जीबीच्या यंत्रावर हा फरक लगेच जाणवतो. एका वेळी चार-पाच टॅबच उघडे ठेवा. यूट्यूब अडखळत असेल तर 'एन्हान्स्ड-एच२६४-इफाय' (enhanced-h264ify) हे ॲड-ऑन टाकून ४८०पी वर पाहा. यूट्यूब नव्या पद्धतीने दाबलेला व्हिडिओ पाठवते, तो उलगडण्याची सोय जुन्या ग्राफिक्समध्ये नसते आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो.

आता वीजबिलाचे. विंडोज ७ ची सुरक्षा-डागडुजी १४ जानेवारी २०२० ला थांबली. खालची भोके ब्राउझर बुजवू शकत नाही. पैसे भरायचे ते मोबाइलवरून भरा, अर्ज खुशाल संगणकावर भरा. प्रोसेसर ६४ बिटचा असेल आणि रॅम ४ जीबीपर्यंत वाढवता येत असेल, तर आमचे मत स्पष्ट आहे : एक छोटी एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) बसवून विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. आधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून ती नुसती चालवून बघा. प्रिंटर, वायफाय आणि मराठी कळफलक तिथे चालले तरच डिस्कवर टाका.

प्रश्न : रोज सकाळी सगळ्याच साइटवर 'कनेक्शन सुरक्षित नाही' येते. ब्राउझर तीनदा बदलला. तारीख नीट केली की दिवसभर चालते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. (फोंडा)

उत्तर : उत्तर तुमच्या पत्रातच आहे. ब्राउझरचा काही दोष नाही. प्रत्येक साइटच्या प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' असे लिहिलेले असते. रात्री भिंतीवरचे बटण बंद केले की मदरबोर्डवरचे घड्याळ एका सेलवर चालते. तो सेल संपला की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि आजचे प्रमाणपत्र ब्राउझरला 'अजून सुरू न झालेले' वाटते.

सेलचे नाव सीआर२०३२, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. वायर काढा, चालू करायचे बटण पाच-सहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, झाकण उघडा. रुपयाच्या नाण्यासारखी चकती दिसेल. बाजूची पत्र्याची पट्टी नखाने मागे रेटली की सेल उसळून वर येतो. नवा बसवताना अधिकचे चिन्ह वर. आपल्याकडच्या पावसाळ्यात पट्टीवर पांढरट-हिरवा थर धरतो, तो कोरड्या कापडाने पुसा, नाहीतर नवा सेलही नीट टेकणार नाही. मल्टिमीटर असेल तर मोजा : नवा ३ व्होल्ट किंवा किंचित जास्त दाखवतो, २.७ च्या खाली गेलेला टाकून द्या. मग बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन तारीख लावा. तिथला साटा मोड (डिस्क जोडण्याची पद्धत) सेल काढण्याआधीच कागदावर टिपून ठेवा, कारण तो बदलला तर विंडोज सुरूच होत नाही.

तारीख बरोबर असूनही मोजक्याच साइट अडत असतील तर विंडोजमधली मूळ प्रमाणपत्रांची यादी जुनी झाली आहे. ३० सप्टेंबर २०२१ ला असेच एक मोठे प्रमाणपत्र संपले. फायरफॉक्स स्वतःची यादी बाळगतो, त्यात ही अडचण येत नाही.

प्रश्न : ३ जीबीची फाइल ८० टक्क्यांवर तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. वीज वारंवार जाते. (वाळपई)

उत्तर : फ्री डाउनलोड मॅनेजर हा फाइली उतरवण्याचा प्रोग्रॅम वापरा, तो त्यांच्याच साइटवरून घ्या. इतर ठिकाणच्या प्रतींना नको ते टूलबार चिकटलेले असतात. तुटलेल्या जागेपासून पुढे उतरवणे सर्व्हरने परवानगी दिली तरच शक्य असते. बहुतेक सर्व्हर देतात. लॉगिन करून मिळणारे दुवे मात्र काही तासांत मरतात. तेव्हा यादीतली फाइल पुसू नका. साइटवरून नवा दुवा घ्या आणि त्याच फाइलचा पत्ता बदला, म्हणजे उतरलेला भाग वाया जात नाही. एका फाइलला चार जोडण्या पुरेत. राउटर १२ व्होल्टचा असेल तर त्याच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो, तो घ्याच.

फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असून नेमकी ४ जीबीला थांबत असेल तर नेटवर्क तपासत बसू नका. डिस्क किंवा पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये आहे, त्यावर त्याहून मोठी फाइल मावतच नाही. शेवटी ७-झिप हा प्रोग्रॅम टाकून फाइलवर उजवे बटण दाबा, एसएचए-२५६ (फाइलची ओळख पटवणारा लांबलचक आकडा) काढा आणि साइटवर दिलेल्या आकड्याशी जुळवा. एक अक्षर जरी वेगळे असले तरी फाइल बिघडलेली समजा.

प्रश्न : देवस्थानच्या कचेरीत विंडोज एक्सपी आहे. त्यावर ईमेल चालेल का? (काणकोण)

उत्तर : चालवू नका. एक्सपीसाठी क्रोम ४९ वर आणि फायरफॉक्स ५२ वर थांबला. सुपरमियम, मायपाल हे स्वयंसेवकांनी जुळवलेले ब्राउझर पाने उघडून देतात, पण पासवर्ड टाकण्याइतका भरवसा एक्सपीवर ठेवता येत नाही. नेटची वायर काढा आणि हिशोब व पावत्या छापण्यापुरता तो संगणक ठेवा.