माती मोजून पोट भरतं का?

संगमेश्वर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. मुलगी बीएस्सी बॉटनीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजबरोबर एक देवराई (देवाच्या नावाने राखलेलं जंगल) आणि तिच्या शेजारचं अकेशियाच्या झाडांचं प्लँटेशन बघून आली आणि तेव्हापासून "मला जंगलाच्या मातीतला कार्बन मोजायचाय" हेच चाललंय. घरचे म्हणतात बीएड कर. ताई विचारतात, माती मोजून पोट भरतं का?

ताई, भरतं, पण उशिरा. आणि आधीची काही वर्षं प्रोजेक्ट संपला की पगार संपला अशी जातात, हे तिला आजच सांगून ठेवा.

आता ती म्हणतेय ते खूळ नाहीये. देशातल्या जंगलांचा हिशोब देहरादूनचं फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडिया करतं, त्यात कार्बन पाच ठिकाणी धरतात, झाडाचा वरचा भाग, मुळं, वाळकं लाकूड, पालापाचोळा आणि माती. २०२१ च्या रिपोर्टात एकूण ७,२०४ दशलक्ष टन आलाय आणि त्यातला निम्म्याहून जास्त एकट्या मातीत! फोटो आपण झाडांचे काढतो.

पण हे काम म्हणजे जंगलात फिरणं नव्हे. माझा एक जुना विद्यार्थी यात आहे, मे महिन्यात एक दिवस त्याच्याबरोबर विदर्भातल्या सागाच्या लागवडीत गेलो होतो. दोरी लावून १० बाय १० मीटरचा चौकोन आखायचा, त्यातल्या प्रत्येक झाडाचा घेर १.३७ मीटर उंचीवर टेपने मोजायचा, झुडपांना ५ बाय ५ चा चौकोन, गवताला १ बाय १ चा, मग ३० सेंटीमीटरपर्यंतची माती काढून पिशवीवर नंबर टाकायचा, की पुढचा चौकोन. मी दुपारीच सावलीला जाऊन बसलो. आणि पुढे लॅब, तिथे मातीतला कार्बन काढायची वॉकली-ब्लॅक नावाची पद्धत आहे, टायट्रेशनची, म्हणजे थेंबाथेंबाने रसायन घालत रंग बदलायची वाट बघायची, जांभळ्याचा हिरवा रंग एका थेंबात होतो आणि तो थेंब चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

खरी गंमत पुढे आहे. समजा देवराईच्या मातीत कार्बन निघाला ३ टक्के आणि अकेशियाखाली २.२ (आकडे समजायला धरलेत हं). कोणीही म्हणेल देवराई जिंकली. पण देवराईची माती भुसभुशीत, एका घनसेंटीमीटरला ०.९ ग्रॅम, आणि प्लँटेशनची दबलेली, १.३ ग्रॅम. टक्के गुणिले घनता गुणिले ३० सेंटीमीटर करा, देवराई हेक्टरी ८१ टन, अकेशिया जवळपास ८६. उलटंच झालं की! त्यात जांभ्याचे खडे किती ते वजा करायचं राहिलंच. शिवाय ती लागवड उघड्या कातळावर झाली की जंगल तोडून, जवळ जुनं जंगल आहे का, म्हणजे पक्ष्यांनी बिया आणून खाली दुसरी झाडं रुजतायत का, लोक पातेरा, म्हणजे पडलेला पाला, भाजावळीला (शेत भाजायला) गोळा करून नेतात का, या सगळ्याने उत्तर फिरतं. नैसर्गिक ते चांगलं आणि लावलेलं ते वाईट, हे मनात ठरवून आलेली पोरं इथे टिकत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं, बॉटनी सोडायची गरज नाही पण नुसत्या बॉटनीवर भागणार नाही. केमिस्ट्री मायनर मिळत असेल तर घेऊ दे, आणि स्टॅटिस्टिक्सला घाबरते म्हणून लिहिलंय तुम्ही, तर क्लास लावायचाच असेल तर तो लावा. पुढे देहरादूनच्या एफआरआयला, म्हणजे वन संशोधन संस्थेत, बॉटनीवाल्यांना एमएस्सी फॉरेस्ट्री करता येतं. नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, निघाली तर महिना ३७,००० आणि घरभाडं वेगळं. जबलपूरची टीएफआरआय ही वन संशोधन संस्था, नागपूरचा मृदा सर्वेक्षण ब्युरो, पुण्याची आघारकर संस्था, अशा ठिकाणचे प्रोजेक्ट तिने आत्तापासून बघत राहावेत. बॉटनीवर यूपीएससीची वनसेवा परीक्षाही देता येते. कार्बन क्रेडिटवाल्या, म्हणजे साठवलेल्या कार्बनचा हिशोब करून तो विकणाऱ्या, कंपन्यांचं म्हणाल तर कामं आहेत, पण जाहिरातीत लिहितात तेवढी नाहीत. बीएड काय, नंतरही करता येतं.

आणि सुट्टीत तिला एक करायला सांगा. वर म्हटलेली मातीची घनता मोजायला दोन्ही तोंडं उघडी असलेला पत्र्याचा डबा देवराईतल्या आणि अकेशियाखालच्या जमिनीत ठोकून तेवढीच माती काढायची, चांगली वाळवायची, किराणावाल्याच्या काट्यावर वजन करायचं, दहा-दहा जागी, आणि वहीत लिहायचं. देवराईतली माती काढायच्या आधी गुरवांना आणि मानकऱ्यांना विचारा मात्र. दहाव्या डब्यालाही कंटाळली नाही तर वही मला पाठवा, पुढचं बोलू.