इंटरनेट कंपनीबद्दल लिहिलं आणि २५ लाखांची नोटीस आली

प्रश्न : मी सांगलीत राहतो, माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. मागच्या वर्षी घरी फायबर इंटरनेट घेतलं. १०० एमबीपीएसचा प्लॅन, वर्षाचे ९,४४० रुपये आगाऊ भरले. पहिले दोन महिने ठीक गेले. पुढे संध्याकाळी वेग ४-५ च्या वर जाईना, आठवड्यातून दोन-तीनदा नेट पूर्ण बंद. तक्रार केली की 'लवकरच दुरुस्त होईल' असा मेसेज यायचा आणि कुणी न फिरकताच तक्रार 'निकाली' निघायची. मुलीची परीक्षा ऑनलाइन होती, त्या दिवशी तिला शेजाऱ्यांकडे बसवावं लागलं. वैतागून मी गूगलवर एक तारा दिला आणि लिहिलं : 'वर्षाचे पैसे आधी घेतात, नंतर फोन उचलत नाहीत. १०० सांगून ५ सुद्धा देत नाहीत. ही चोरांची टोळी आहे. यांचा अमुक नावाचा तंत्रज्ञ दारू पिऊन येतो.' सोबत त्याचा मोबाइल नंबर दिला. हेच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकलं. आठ दिवसांत कनेक्शन तोडलं आणि वकिलाची नोटीस आली. सात दिवसांत बिनशर्त माफी, मजकूर काढणे, २५ लाख भरपाई. नाहीतर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ आणि बदनामीच्या कलमाखाली अटक. ग्रुपचे ॲडमिन असलेल्या आमच्या सेक्रेटरींनाही नोटीस आहे. पत्नी म्हणते, माफी मागून मोकळे व्हा. काय करू?

उत्तर : सर, बिनशर्त माफीनामा लिहून देऊ नका. वहिनींची काळजी मला समजते. पण कंपनीच्या वकिलाने तयार केलेल्या मसुद्यावर सही केलीत, तर 'मी खोटं लिहिलं' हे तुमच्याच हस्ताक्षरात त्यांच्या हाती जाईल आणि आगाऊ भरलेले पैसे मागायलाही तोंड राहणार नाही. नोटीस हे एका वकिलाने आपल्या पक्षकाराच्या वतीने लिहिलेलं पत्र आहे. तो कोर्टाचा हुकूम नाही. तुमच्यावर गुन्हा दाखल झालेला नाही, त्यामुळे शाळेतल्या नोकरीची काळजी आज तरी मनातून काढून टाका.

आधी कलम ६६-अ बद्दल, कारण अटकेची भीती तिथूनच आली आहे. हे कलम अस्तित्वात नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद असताना फेसबुकवर त्याविषयी लिहिल्यामुळे आणि ते 'लाइक' केल्यामुळे पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. त्यावरून देशभर संताप उसळला, श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. तरीही पोलीस ठाण्यांत ते वापरलं जातच राहिलं, म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवता येणार नाही. हे माहीत नसलेला वकील मला भेटायचा आहे. ज्याला पत्र जातंय त्याला ते माहीत नसेल, या भरवशावर असं कलम नोटिशीत घातलं जातं, आणि एका शिक्षकाच्या घरची झोप त्यामुळे उडते. याची मला मनापासून चीड येते.

बदनामीचं कलम मात्र खरं आहे. पूर्वी ते भारतीय दंड विधानात ४९९ आणि ५०० होतं; १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. कंपनीचीही बदनामी होऊ शकते, हे कायद्यात स्पष्ट आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. पण हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपाससुद्धा करू शकत नाहीत, वॉरंटशिवाय अटक तर दूरच. कंपनीला स्वतः दंडाधिकाऱ्यांपुढे फिर्याद घेऊन जावं लागेल, आणि फौजदारी प्रक्रियेच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे त्या फिर्यादीची दखल घेण्याआधी तुम्हाला म्हणणं मांडण्याची संधी मिळेल. मधल्या काळात ठाण्यातून कुणी फोन करून 'येऊन मिटवून टाका' म्हणालं, तर नम्रपणे लेखी बोलावणं मागा, जायचं झालं तर वकिलासोबत जा आणि तिथे कोणत्याही कागदावर सही करू नका.

आता तुमच्या मजकुराकडे येऊ. तुम्ही चार वाक्यं लिहिलीत आणि कायद्याच्या नजरेत चारही वेगवेगळी आहेत.

'वर्षाचे पैसे आधी घेतात, नंतर फोन उचलत नाहीत' आणि '१०० सांगून ५ सुद्धा देत नाहीत' ही वस्तुस्थितीची विधानं आहेत. खरी असतील तर दिवाणी दाव्यात सत्य हाच पुरेसा बचाव आहे. फौजदारीत सत्याच्या जोडीला लोकहित दाखवावं लागतं. त्याच परिसरात कनेक्शन घेऊ पाहणाऱ्या माणसाला सावध करणं हे लोकहितात बसतं, असं मी ठामपणे मांडेन. शिवाय कलम ३५६ मध्येच अपवाद आहेत. नववा अपवाद आपल्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेल्या विधानाचा, दहावा सद्भावनेने दिलेल्या सावधगिरीच्या सूचनेचा. तुमची ही दोन वाक्यं तिथे नीट बसतात. सद्भावना म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे, पुरेशी काळजी घेऊन लिहिलेलं असणं. म्हणून तक्रारींचे क्रमांक, वेगाच्या चाचण्या, तारखा हे सगळं तुमच्याकडे हवं. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका प्रोटीन पावडर कंपनीला यूट्यूबवरच्या टीकेविरुद्ध अंतरिम, म्हणजे निकालाआधीची तात्पुरती, मनाई द्यायला नकार दिला. त्या टीकाकारांच्या हाती प्रयोगशाळेचे अहवाल होते, हे तिथे महत्त्वाचं ठरलं. तुमच्या बाबतीत ते काम वेगाच्या चाचण्यांनी करायचं आहे.

'चोरांची टोळी' हे संतापलेल्या ग्राहकाचं मत आहे, असं मी कोर्टात म्हणेन आणि बहुधा ऐकून घेतलं जाईल. पण चोरी हा गुन्हा आहे. समोरचा वकील म्हणेल की तुम्ही गुन्ह्याचा आरोप केलात. त्या शब्दाने तुमच्या तक्रारीत काहीच भर पडली नाही, वाद घालायला एक जागा तेवढी दिली. काढून टाका.

चौथं वाक्य आजच काढा. तो तरुण दारू पिऊन आला होता, हे तुम्ही कशावरून सिद्ध करणार? पत्रात तुम्ही एवढंच लिहिलंय की त्याचे डोळे लाल होते आणि तो उद्धट बोलला. दिवसभर खांबांवर चढून केबल ओढणाऱ्या माणसाचे डोळे संध्याकाळी लाल असू शकतात. वेग कमी मिळतो, पैसे परत मिळत नाहीत, फोन उचलला जात नाही, यातलं काहीही त्याच्या हातात नसतं. त्याचं नाव आणि नंबर शंभर लोकांसमोर ठेवणं हे अन्यायाचं आहे आणि कायद्यानेही धोक्याचं आहे, कारण तो स्वतः स्वतंत्र फिर्याद करू शकतो आणि तिथे तुमच्याकडे बचाव नाही. कंपनीची माफी मागू नका असं मी म्हणतो, पण या तरुणाबद्दल ग्रुपवर दोन ओळी जरूर लिहा : 'तंत्रज्ञाविषयी लिहिलेलं वाक्य मी मागे घेत आहे, ते लिहायला नको होतं, त्याबद्दल दिलगीर आहे.' एवढंच, कंपनीचा उल्लेखही नको.

काढण्यापूर्वी सगळ्याची प्रत ठेवा. मूळ मजकूर, त्याखालच्या प्रतिक्रिया, तक्रारींचे एसएमएस, कनेक्शन तोडल्याचा मेसेज, सगळं तारीख-वेळ दिसेल असं जपा आणि मूळ फोन विकू नका, रिसेट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत, ही प्रत कोणत्या उपकरणातून कशी घेतली हे सांगणारं प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून गेलेल्या खोतकर-गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये ते अनिवार्य ठरवलं. आता ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यायचं असतं. त्याचा नमुना ठरलेला आहे, वकील भरून घेतील. वेगाच्या चाचण्या वायफायवर केल्या असतील तर कंपनी भिंतीला आणि राउटरला दोष देईल. लॅन केबल जोडून केलेली एखादी चाचणी आहे का, ते शोधा.

२५ लाखांच्या आकड्याने घाबरू नका. नोटिशीत आकडा लिहायला पैसे पडत नाहीत. दिवाणी दावा लावायचा तर रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते आणि तुमच्या चार ओळींमुळे नेमकं किती नुकसान झालं हे पुराव्याने दाखवावं लागतं. मुदतही एकच वर्ष आहे, मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून. 'मजकूर ताबडतोब काढा' असा अंतरिम हुकूमही सहज मिळत नाही. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग आणि झी यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, सुनावणीआधीच लेखनावर मनाई अपवादात्मक परिस्थितीतच द्यावी. तो वाद पत्रकारितेचा होता, पण तत्त्व तुमच्याही कामाचं आहे.

सेक्रेटरींना निश्चिंत राहायला सांगा. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केलं की, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दाखवल्याशिवाय सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. त्यांनी हे एका छोट्या उत्तरात कळवावं. तुमच्या उत्तरात त्यांचं प्रकरण मिसळू नका.

तुमच्या पत्रात कनेक्शन तोडल्याचं एका अर्ध्या वाक्यात आलंय, पण माझ्या मते सगळ्यात वजनदार गोष्ट तीच आहे. वर्षाचे पैसे घेऊन, ग्राहकाने टीका केली म्हणून मधेच सेवा बंद करणं ही सेवेतली त्रुटी आहे आणि इथे फिर्यादी तुम्ही आहात. कंपनी अर्जाच्या मागची बारीक अक्षरं दाखवेल. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तीन अटी दिसतात : ग्राहक कंपनीविरुद्ध सार्वजनिक विधान करणार नाही, वाद लवादाकडे (कोर्टाबाहेर निवाडा करणाऱ्याकडे) जाईल, आणि लवाद मुंबईत बसेल. पहिली अट ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधल्या अनुचित कराराच्या व्याख्येत बसते, असं माझं मत आहे. मात्र अट रद्द ठरवून घ्यायची तर राज्य ग्राहक आयोगाकडे जावं लागतं, म्हणून आपल्या तक्रारीत ती केंद्रस्थानी ठेवू नये. लवादाच्या अटीमुळे ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एमार एमजीएफ या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात कायम केलं. आणि मुंबईला जायची गरज नाही. कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे सांगलीतच.

'दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत' असंही ऐकवलं जाईल. २००९ च्या एका निकालाने तशी समजूत पसरली होती. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती दूर केली, आणि २०१९ च्या कायद्यात तर सेवेच्या व्याख्येत दूरसंचार हा शब्दच आहे.

ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, पत्र लिहून वाट बघू नका, ट्राय एकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. नियम असा आहे की आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे क्रमांक घ्यायचा, तिथे समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जायचं. तुमच्याकडे क्रमांक आहेत. अपील एका ईमेलवर करून ठेवा, म्हणजे 'आमच्याकडे आलेच नाहीत' हे म्हणायची सोय राहणार नाही. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा. पुष्कळदा कंपन्या तिथेच पैसे परत करतात.

नाही केले तर जिल्हा आयोगात ऑनलाइन तक्रार दाखल करा. तुम्ही कंपनीला भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने फी शून्य आहे, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. उरलेल्या महिन्यांचे पैसे व्याजासह, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च, एवढंच मागा. रागाच्या भरात तुम्हीही २५ लाख लिहू नका. निकालाला कायद्यात लिहिलेल्या तीन महिन्यांपेक्षा बराच वेळ लागतो, हे मी लपवणार नाही. पण ९,४४० रुपयांसाठी सांगलीतला एक शिक्षक आयोगात उभा राहिला, की पुढच्या ग्राहकाला नोटीस पाठवताना तीच कंपनी थांबते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

नोटिशीचं उत्तर एका पानाचं असू द्या आणि स्थानिक वकिलाच्या लेटरहेडवर जाऊ द्या. त्यात पहिल्या दोन वाक्यांवर तुम्ही ठाम आहात, त्याचे पुरावे आहेत. उरलेली दोन तुम्ही स्वेच्छेने काढली आहेत. ६६-अ रद्द झालेलं आहे. आणि पंधरा दिवसांत उरलेले पैसे परत न आल्यास ग्राहक आयोगात जाल, एवढे मुद्दे पुरेत. कुठेही 'बिनशर्त' हा शब्द येऊ देऊ नका. स्पीड पोस्टने पोहोचपावतीसह पाठवा, ईमेलही करा. सात दिवसांची मुदत त्यांनी स्वतः ठरवलेली आहे, कायद्याने नाही. तरी उत्तर या आठवड्यातच जाऊ द्या, कारण उद्या कोर्टात 'नोटीस मिळूनही गप्प बसले' असं त्यांना म्हणता येऊ नये. मसुदा पाठवण्याआधी मला दाखवायचा असेल तर अर्जाच्या मागच्या पानाचा स्पष्ट फोटो सोबत द्या. पाठवलेल्या फोटोत चौथी अट घडीखाली गेली आहे.