ईस्टरची अंडी घरच्या घरी कशी रंगवावीत आणि चॉकलेटची अंडी घरी करता येतील का?

आपल्या प्रश्नातील शेवटचे वाक्य वाचले नसते, तर मी उत्तर लिहायला बसले नसते. आपण परभणीला राहता, दोन लहान मुले आहेत, त्यांच्याकडून बाजारचे रंग न वापरता अंडी रंगवून घ्यायची आहेत, जमल्यास चॉकलेटची अंडीही घरी करायची आहेत आणि थोडी सजावट हवी आहे, इतके विचारून झाल्यावर आपण लिहिले आहे की, ‘कांद्याच्या सालीचा रंग फार गावठी दिसतो, दुसरे काही सुचवा.’ नेमके हेच मी २०११ साली माझ्या स्वयंपाकघरात माझ्या नणंदेच्या तोंडून ऐकले होते आणि सासूबाई समोर असल्यामुळे गप्प बसले होते.

आमचे घर जालन्याचे. ईस्टर म्हणजे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढचा रविवार, त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान कधीही येतो. त्या वर्षी तो २४ एप्रिलला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात आला होता. सासूबाई ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत घरात चिरल्या जाणाऱ्या प्रत्येक कांद्याची वाळकी साल एका कापडी पिशवीत साठवीत आणि ती पिशवी ज्वारीच्या कोठीमागे खिळ्याला टांगून ठेवीत. नणंदबाई उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, सकाळी देवगिरी एक्सप्रेसने मुंबईहून आल्या, त्या चमकदार कागदात गुंडाळलेली दोन डझन चॉकलेटची अंडी घेऊन. पिशवी पाहून म्हणाल्या, “वहिनी, ही कचऱ्यात उकडलेली अंडी तुम्ही अजून देवळात नेता? किती गावठी दिसतं ते!”

त्या दिवसांत आमच्याकडे भारनियमन इतके होते की फ्रिज हे केवळ एक कपाट उरले होते. चॉकलेटमधले कोकोचे लोणी साधारण ३४ अंशांना वितळते आणि आमच्या माजघरात दुपारी त्याहून अधिक तापमान असते, हे सांगायला थर्मामीटर लागत नाही. मी तो खोका माठाजवळ ओल्या फडक्याखाली ठेवला, हे मला आजही आवर्जून सांगावेसे वाटते, कारण माझ्या निष्काळजीपणामुळे अंडी बिघडली असे मुंबईत अजूनही सांगितले जाते. शनिवारी संध्याकाळी खोका उघडला, तेव्हा आत चांदीच्या कागदाचे तुकडे रुतलेला एकच तपकिरी गोळा होता.

मग रात्री पिशवी खिळ्यावरून खाली आली. आम्ही साठ अंडी रंगवली. त्यांतली चाळीस पोल्ट्रीची पांढरी होती आणि वीस शेजारच्या वस्तीवरून आणलेली गावरान. मुलांनी प्रत्येक अंड्यावर कोथिंबिरीचे किंवा कडुनिंबाच्या कोवळ्या पालवीचे एकेक पान पाण्याने चिकटवले, वरून जुन्या मलमलीच्या ओढणीचा तुकडा ताणून दोऱ्याने गच्च बांधला आणि सासूबाईंनी ती पातेल्यात सोडली. पहाटे कापड सोडल्यावर पांढरी अंडी विटकरी तांबूस झालेली होती, गावरान अंडी जुन्या सागवानासारखी गडद, आणि प्रत्येकावर पानाची फिकट आकृती शिरांसकट उमटली होती. सूर्योदयाच्या उपासनेनंतर ती टोपली मंडळीत फिरवली कोणी? नणंदबाईंनी. “आमच्या घरची पद्धत आहे,” असेही त्या दोघीतिघींना म्हणाल्या. घरी आल्यावर मात्र त्यांचे मत पडले की त्यात सालीचे काही कर्तृत्व नाही, गावरान अंडी मुळातच तशी असतात. चाळीस पांढऱ्या अंड्यांचे काय, हे मी विचारले नाही. ते आज इथे विचारते आहे.

आता कृती. डझनभर अंड्यांना दहाबारा कांद्यांच्या कोरड्या साली पुरतात. त्या लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळाव्यात, पाणी पूर्ण थंड करून गाळावे आणि त्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर घालावे. कच्ची अंडी याच थंड पाण्यात ठेवून मग आच लावावी. उकळत्या पाण्यात सोडली तर तडकतात. उकळी आल्यावर दहाबारा मिनिटे शिजवावीत आणि गडद रंग हवा असेल तर आणखी काही तास त्याच पाण्यात फ्रिजमध्ये ठेवावीत. कवच चुनखडीचे असते, व्हिनेगर त्याला किंचित खाते आणि म्हणून रंग धरतो. अधिक रंग यावा म्हणून वाटीभर व्हिनेगर ओतले तर बुडबुडे येऊन कवच खडबडीत होते. शेवटी करडईच्या तेलाचा हात फिरवावा, म्हणजे वार्निश केल्यासारखी चकाकी येते. मेणबत्तीने आधी नावे लिहून मग रंगवण्याची युक्ती फार जण सांगतात, पण गरम पाण्यात मेण वितळून जाते. ती करायची तर अंडी आधी उकडून घ्यावीत आणि थंड रंगातच बुडवावीत. थंड रंगासाठी जांभळ्या कोबीचा काढा करावा. पांढऱ्या अंड्यांना त्याने सुरेख निळा रंग येतो. हळद पिवळा देते. बीटाच्या नादी लागू नये, उकळल्यावर त्याचा रंग मातकट होतो.

चॉकलेटविषयी माझे मत वरच्या प्रसंगावरून लक्षात आलेच असेल. कोकोच्या लोण्याऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी घातलेले कंपाउंड चॉकलेट थोडा अधिक काळ तग धरते, परंतु चवीच्या दृष्टीने ते मेणच. त्यापेक्षा मार्झिपानची अंडी करावीत. बाहेरदेशी ते बदामाचे असते, गोव्यात आणि मुंबईकडे काजूचे करतात, आणि काजूकतली जमणाऱ्या बाईला ते शिकवावे लागत नाही. पाव किलो काजूची पूड, तितकीच पिठीसाखर, एका अंड्याचा पांढरा भाग आणि चमचाभर गुलाबपाणी मंद आचेवर घोटावे, गोळा कडा सोडू लागला की उतरवावे आणि कोमट असतानाच तुपाच्या हाताने अंड्याचा आकार द्यावा. काजू महाग म्हणून मी एकदा दाण्याचा कूट वापरून पाहिला. तेल सुटून अंड्यांचे लाडू झाले, मुलांनी मात्र आनंदाने खाल्ले.

सजावटीसाठी वेगळा खर्च करू नये. पितळी तांब्यात मोहोरलेल्या कडुनिंबाची डहाळी, क्रुसाला निशिगंधाचा हार आणि ईस्टर मार्चमध्ये आला तर टोपलीच्या कडेला पळसाची फुले, एवढे पुरते.

नणंदबाईंचा आणखी एक मुद्दा असतो, की हे सगळे साहेबांचे, आपले नव्हे, मग करायचे तर निदान साहेबांसारखे नीटनेटके करावे. साहेबांकडे तरी हे कशातून आले? मध्ययुगात उपवासकाळात अंडी वर्ज्य होती, कोंबड्यांना ते ठाऊक नव्हते, साठलेली अंडी टिकवायची तर उकडावी लागत आणि सणाला ती रंगवून वाटत. म्हणजे तीही साठवणुकीचीच गोष्ट, आमच्या सालींच्या पिशवीसारखी. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्री या पाळकांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले, त्यालाही आता दीडशेच्या आसपास वर्षे झाली. इतक्या काळानंतर आमच्या अंड्याला आमच्याच शेतातल्या कांद्याचा रंग असला, तर तो लपवायचा कशाला?

मुले लहान आहेत म्हणून हेही लिहिते. उकडलेली अंडी आपल्याकडच्या उन्हाळ्यात तासाभराहून अधिक वेळ बाहेर राहिली असतील, तर ती खाऊ नयेत. फ्रिजमधली आठवडाभर चालतात, तडकलेली टाकून द्यावीत. आम्ही त्या रात्री साठ अंडी माठाजवळ ठेवून सकाळी वाटली, ते योग्य नव्हते. नणंदबाईंना हे कळले तर त्या तेवढेच धरून बसतील, पण त्यांची मुलगी गेल्या वर्षी ठाण्याहून फोन करून मला सालींचे प्रमाण विचारत होती, आणि आईला सांगू नका म्हणाली होती.