आम्हीपण गरीबच होतो, मग आम्ही का नाही गुंड झालो?

प्रश्न : ताई, वडील लालबागला गिरणीत साचेखात्यात होते. 82 च्या संपात नोकरी गेली. आई आणि बहिणीने डबे करून घर चालवलं, आम्ही दोघं भाऊ शिकून नोकरीला लागलो. म्हणून कोणी म्हणालं की गरिबीने पोरं गुंड झाली तर डोकंच फिरतं. तुम्हाला काय वाटतं?
एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दादा, डोकं फिरणारच. नुसत्या गरिबीने कोणी चॉपर उचलत नाही, नाहीतर गिरणगाव संपाच्या आधीच पेटलं असतं, तेव्हा तरी काय सुख होतं, एका खोलीत माणसं पाळीपाळीने झोपायची. पण भोंगा वाजायचा, बाप कामाला जायचा आणि दहावी नापास पोराला पण माहीत असायचं की बाबा कोणालातरी सांगून बदलीत, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, चिकटवतील. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर, आणि तो संप रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही. बापाची नोकरी गेली ती गेली, पोराची लागायच्या आधीच गेली.

आमच्या शेजारचा एक, नाव नको. बाप गावी कोकणात निघून गेला, हा नाक्यावर. आधी कॅरम, मग भाईच्या मागे हप्ता गोळा करायला. पहिल्या पैशातून त्याने आईचं गहाण पडलेलं मंगळसूत्र सोडवलं. चाळीत एकानेही विचारलं नाही पैसे कुठले, मीपण नाही.

पण ही अर्धीच गोष्ट झाली. पोरं रिकामी होती हे खरं, पण त्यांना कामाला लावणारं गिऱ्हाईक पण होतं ना! 1991 च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी झाली, मग युनियन कोणाच्या हातात आणि जमीन विकायला कामगारांच्या संमतीच्या सह्या कोण आणून देणार यालाच भाव आला. 1994 मध्ये गिरणीमालक सुनीत खटाव, 1997 मध्ये संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत, दोघांनाही भर रस्त्यात गोळ्या घातल्या. एन्काउंटरमध्ये मेली ती मात्र बहुतेक चाळीतली पोरं, आणि त्याच गिरण्यांच्या जागी आता मॉल आहेत, तिथे पार्किंगला जेवढे पैसे घेतात ना, जाऊदे.

तुम्ही का वाचलात म्हणाल तर डब्यांमुळे. आईच्या हाताखाली पोळ्या लाटायला तुमची बहीण होती, तिची शाळा कितवीला सुटली ते एकदा तिलाच विचारा.