खालचा जबडा पुढे असणं ही ऑटिझमची खूण असते का?

ताई, नाही. तुम्ही विचारलंय की मुलगा साडेचार वर्षांचा आहे, तोंड मिटलं की त्याचे खालचे दात वरच्यांच्या पुढे येतात, बोलणं दोन-तीन शब्दांवर अडलंय आणि सोलापुरातल्या एका लग्नात कुणीतरी ‘जबड्यावरूनच ऑटिझम कळतो’ असं सांगितलं. दात, टाळू, कपाळ, कान बघून कुणालाही हे निदान करता येत नाही. ते वागण्यावरून होतं: नजर आणि हावभावांतून देवाणघेवाण, इतर मुलांशी नातं, तेच ते हालचाल-खेळ-हट्ट, आणि आवाज, स्पर्श, चव यांना मिळणारा प्रतिसाद. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानपुस्तिकेच्या (2013) निकषांत शरीराची एकही खूण नाही.

तरीही हा समज कुठून येतो ते सांगतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे. ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन करणारे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली 11 मुलांचं वर्णन लिहिलं, त्यातल्या 5 जणांची डोकी मोठी असल्याची नोंद आहे. पुढे काही अभ्यासांत ऑटिझम असलेल्या मुलांत उंच टाळू, उघडा चावा (तोंड मिटलं तरी वरच्या-खालच्या पुढच्या दातांत फट राहणं) किंवा दातांची वेडीवाकडी ठेवण जास्त दिसली, काहींत फरक दिसला नाही. पण हे समूहाचे आकडे. वाकडे दात आणि वेगळा चावा ऑटिझम नसलेल्या मुलांतही इतका सर्रास आढळतो की त्यावरून एका मुलाबद्दल काहीच सांगता येत नाही. काही जनुकीय आजारांत मात्र शरीरावरच्या खुणा आणि ऑटिझम दोन्ही दिसू शकतात. फ्रॅजाइल एक्समध्ये लांबट चेहरा, मोठे कान, उंच टाळू. ट्यूबरस स्क्लेरोसिसमध्ये त्वचेवर फिकट डाग आणि दातांवर बारीक खड्डे. असं काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञ जनुकीय तपासणी सुचवतात. त्या खुणा त्या आजारांच्या, ऑटिझमच्या नव्हेत.

आता जबडा. उलटा चावा, म्हणजे खालचे दात वरच्यांच्या पुढे येणं, दोन प्रकारचा असतो आणि उपाय त्यावर ठरतो. दंतवैद्य मुलाला जिभेचं टोक टाळूला मागे लावून हळू दात मिटायला सांगतात. पुढचे दात आधी टोकाला टोक भिडले आणि मग जबडा पुढे सरकला, तर तो बहुधा सवयीचा चावा. कधी दुधाच्या सुळ्यांची टोकं थोडी घासूनही सुटतो. जबड्याचं हाडच पुढे असेल, आई-वडील किंवा आजोबांतही तशी ठेवण असेल, तर वरचा जबडा पुढे ओढणारा फेसमास्क लागू शकतो. तो साधारण 8 ते 10 वर्षांच्या आत चांगला काम करतो, रोज 12 ते 14 तास घालावा लागतो. म्हणून ‘दुधाचेच दात, पडतील’ म्हणत थांबू नका. सोलापूरजवळच्या केगावच्या दंत महाविद्यालयात बालदंत आणि ऑर्थो (दात-जबडा सरळ करण्याच्या) विभागात एकदा दाखवा. कडक भाकरी चावायला लावून हा चावा सुटत नाही आणि दहीभात खाल्ल्यानं तो होतही नाही. पण मुलगा दहीभाताशिवाय कशालाच हात लावत नसेल, दाणेदार काही तोंडात गेलं की उलटी काढत असेल, तर ते तपासणीत आवर्जून सांगा.

एक गोष्ट दात आणि बोलणं दोन्हींवर परिणाम करते, तीच बऱ्याचदा राहून जाते: वाढलेले अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) आणि टॉन्सिल. मूल तोंडाने श्वास घेतं, घोरतं, जीभ खाली राहते, जबड्यांची वाढ बिघडते. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं की ऐकू कमी येतं, मग बोलणं मागे पडतं. म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि श्रवणचाचणी; मूल टाळी वाजवल्यावर वळलं म्हणजे ऐकू नीट येतं असं नाही.

आणि बोलण्याची तपासणी दातांसाठी थांबवू नका. ऑटिझमची शक्यता चाचपणारी नेटवरची एम-चॅट प्रश्नावली 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी आहे, साडेचार वर्षांच्या मुलाचे गुण त्यात धरू नका. आपल्याकडे 2 ते 9 वर्षांसाठी आयएनडीटी-एएसडी हे ऑटिझम निदानाचं भारतीय साधन वापरतात. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आयसा ही 40 मुद्द्यांची मोजपट्टी आहे, 70 पासून पुढचे गुण ऑटिझममध्ये मोजतात. अंगणवाडीत किंवा शाळेत येणाऱ्या सरकारी बालस्वास्थ्य पथकाला सांगितलंत तर ते पुढे पाठवतात, खर्चही वाचतो. स्पीच थेरपी निदानाची वाट न पाहता सुरू करता येते.

दवाखान्यात नेताना सकाळची पहिली वेळ मागा, गर्दी आणि ड्रिलचा आवाज कमी असतो. आदल्या दिवशी खुर्ची, आरसा, दिवा यांचे फोटो दाखवा. दिवा डोळ्यांवर सहन होत नसेल तर गॉगल चालतो. पहिल्या भेटीत नुसतं खुर्चीत बसून दात मोजले तरी पुरे, दातांचं माप घ्यायचा लगदा तोंडात घालायचा आग्रह धरू नका. ओकारी आली तर पुढच्या वेळी मूल दारातूनच परत फिरतं. लगद्याऐवजी मापासाठी स्कॅनर आहे का ते विचारा. घरी फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, दोन वेळा, ब्रश तुमच्या हातात. आणि सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे नवी दाढ येईल, कुठलाही दात न पडता. ती कायमची असते. दुधाची समजून बरेच जण ती किडू देतात आणि मग चावा सरळ करायला आधारच उरत नाही.